काखेतला कांदा

आजकाल शाळेत पेशंट सांभाळणंही शिकवते, राजेहो! माही नात पिंकी दहावीत आहे, तिचा तोच विषय. मी चौथीत तीनदा बसलो, पण खाटेवर झोपायचा विषय काही भेटला नाई. तिच्या परीक्षेले पेशंट पाहिजे होता, म्हणून मीच शाळेत जाऊन खाटेवर पडलो.

"आबा, माहे मार्क गेले तर पाहून घेजो!" ती म्हणाली.

मी गुपचूप काखेत कांदा दाबला. तसं केलं की काखेतली नस दबते अन् मनगटातली नाडी गायब होते.

पिंकीनं मनगट धरलं, इकडून तिकडून चाचपलं. मग परीक्षेच्या मॅडमनं धरलं, त्या तर पांढऱ्याफटक पडल्या.

"अगं, नाडीच लागत नाही! ॲम्ब्युलन्स बोलवा!"

"थांबा मॅडम, मेलेला माणूस दात नाई काढत." पोट्टीनं दोन बोटं माह्या मानेवर ठेवली, घड्याळ पाह्यलं. "ब्याऐंशी. आबा, हात वर कर."

कांदा घरंगळत मॅडमच्या चपलेपाशी गेला. मॅडमनं हासत पैकीच्या पैकी मार्क दिले.

मी म्हटलं, "पाह्य, माह्यामुळंच भेटले ना?"

तिनं माह्या तोंडात थर्मामीटर कोंबलं. "आता निकाल लागेपर्यंत काढजो नको."