पोटात न्हाई, कानात

...आन् वर म्हणतात, बेस ऐकू न्हाई आला म्हून कोणाचं लगीन मोडलं का? घ्या! लगीन न्हाई मोडत हो, माणूस मोडतो! आता प्रेमदासचंच बघा ना. तांड्यावरचा माणूस, वारंगा फाट्यावर दारं-खिडक्या करून देणारा, कोणाच्या अध्यात न्हाई का मध्यात न्हाई. पण त्याचं पोरगं दिपक, ते शिरलं रामसिंगच्या ऑर्केस्ट्रात, चार तारांचं जाड आवाजाचं गिटार वाजवायला. बेस म्हणतात त्याला. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट, तवा ऑर्केस्ट्रा नसला तर वऱ्हाड रुसायचं! पोरगं स्टेजवर उभं, शर्ट चकचकीत, बोटं चालून राहिलीत... आन् आवाज? रामसिंगचे स्पीकरचे बॉक्स कपाटाएवढे, त्यातून निस्ता धबधब! बाया बसतात मंडपात पार मागं, तिथून स्टेज काही दिसत न्हाई. दिपकची माय पारुबाई घरी येऊन म्हणायची, "पोटात हादरे बसले, पण आपलं लेकरू कानात काही आलं न्हाई."

झालं. ते प्रेमदासच्या काळजात रुतलं. म्हणे बॉक्स आपणच करायचा. लहान, एसटीत मांडीवर मावंल असा. स्वस्त, गरीब वाजवणाऱ्याला परवडंल असा. आन् पोटात न्हाई, कानात वाजंल असा! धबधब नको, भोंग्यासारखी चिरचिर नको, मधला आवाज पाहिजे. आता मधला आवाज काय झाडाला लागते का? हिंगोलीहून जुना स्पीकर आणला, दाराच्या उरल्यासुरल्या प्लायचा बॉक्स ठोकला, तो रांजणात तोंड घालून बोलल्यावानी घुमला. दुसरा ठोकला, त्याच्या फळ्याच थरथरल्या. तिसरा मागून बंद केला तर गुदमरला! परीक्षा घेणार कोण? पारुबाई! तिला भिंतीआड बसवायचं, दिपकनं वाजवायचं, ह्यानं इचारायचं, कुठं आलं? ती म्हणायची, पोटात. की हा पुन्हा करवत घेऊन बसला! तिकडं गिऱ्हाईकं बोंबलून राहिलीत, एकाच्या न्हाणीला पोत्याचा पडदा लावून बाया आंघोळी करून राहिल्यात, आन् ह्याचं आपलं एकच, पोटात न्हाई, कानात! शेवटी पारुबाईनं आपल्या उशीतला कापूस काढून दिला. तो आत कोंबला, वाजवलं, तर भिंतीआडून ती काही बोलंचना. जाऊन बघतो तर रडून राहिली. म्हणे, एकेक बोट ऐकू आलं.

मंग डोंगरकडा गावचं लगीन आलं. बाप-लेक एसटीनं बॉक्स घेऊन गेले, पारुबाई नवं लुगडं नेसून बायांमंदी जाऊन बसली. रामसिंगनं बॉक्स वाजवून पाहिला आन् इतका खूश झाला, इतका खूश झाला, की नांदेडहून आणलेल्या नव्या कीबोर्डवाल्याची वायर त्यात खुपसली! त्या गड्याचा उजवा हात गाणं वाजवते आन् डावा हात बेस. रामसिंग बोलला कसा, तर लई गोड. "काका, बॉक्स एक नंबर झाला. आता दिपकला तकलीफ काहून द्यायची? जीपमधी तेवढीच जागा व्हईल." म्हणजे बॉक्स चढला आन् पोरगं उतरलं! प्रेमदासनं भांडावं की न्हाई? पण भर लग्नात, दुसऱ्याच्या मांडवात, भांडतो कसा माणूस? गिळलं त्यानं.

आन् काय वाजला हो बॉक्स! सूर न् सूर पार मागपर्यंत. प्रेमदास बायकोला सांगायला मागं गेला, की चल, घरी जाऊ. तर ही बाई अवतीभवतीच्या बायांना हाताला धरधरून सांगून राहिली होती, हे जे जाड वाजते ना, ते माहं लेकरू. नवऱ्याला पाहिलं आन् म्हणाली, "आवो, कानात आलं. बराबर त्याचाच हात हाये न्हाई?"



"व्हय," प्रेमदास म्हणाला. "त्याचाच हाये."

मंग बाहेर आला. दिपक चकचकीत शर्ट घालून खांबाला टेकून उभाच होता. त्याला बापानं हळूच सांगितलं, गाणी संपस्तोवर इथं दिसू नको. पोरगं मुकाट्यानं मांडवामागं जाऊन उष्ट्या पत्रावळींपाशी उकिडवं बसलं. काय करता? त्याची माय त्याला ऐकून राहिली होती ना!