काकाजींची मेहनत

आमच्या दवनीवाड्याच्या काकाजींइतका कष्टाळू माणूस अख्ख्या जिल्ह्यात सापडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत त्यांच्या छातीत दुखलं, म्हणून मी त्यांना गोंदियाला नेलं. डॉक्टर बाहेरगावचे. त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"रोवणी करून राहिलो जी. दिवसभर धानाच्या बांधीतच राहतो."

डॉक्टर हळहळले. "या वयात चिखलात वाकून? हृदयावर ताण येतो. मेहनत एकदम बंद!"

आता काकाजींची रोवणी म्हणजे काय? चिखलात बाया वाकतात. काकाजी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कोरड्या बांधावर, खुर्ची टाकून, छत्री धरून भजी खातात आणि "हात चालवा वं" म्हणून ओरडतात. मी डॉक्टरांना हे सांगायला लागलो, तर काकाजी उखडले.

"मंग माह्या शेतात रोवणी कोन करते? तुहा बाप?"

घरी काकीनं विचारलं, "डॉक्टर काय म्हनले?"

"मेहनत बंद."

"कोनती?" काकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर खुर्ची तीच होती, भजीही तीच होती. फक्त डॉक्टरांचा शब्द पाळायचा म्हणून छत्री धरून काकी उभी होती.