निळा झगा

तोंडो वस्तीतल्या आमच्या इमारतीचा मागचा भाग कोसळला, त्याच्या चौथ्या दिवशी सामान काढायला आम्ही रांगेत उभे होतो. पुढचा भाग अजून उभा होता. तिथल्यांनाच पंधरा मिनिटं आत सोडत होते. माझ्यापुढे पुरिताताई होत्या आणि त्यांचे शेजारी डेल्फिनदादा. दादांची बायको नीव्हस ढिगाऱ्याखाली सापडून गेली होती.

पुरिताताई म्हणाल्या, "दादा, तुमचं अर्धं घर पडलंय. तुम्हाला नाही सोडणार."

"झोपायची खोली शाबूत आहे. नीव्हसचा निळा झगा हवाय. उद्या तिला पुरायचंय."

"मी आणते ना."

"तुम्ही?"

"एवढं तरी करू द्या. तिच्यासारखी शेजारीण मिळायची नाही."

"भिंतीला भेग पडली, तेव्हा ती इमारत तपासायचा अर्ज घेऊन तुमच्या दारात आली होती. सही दिलीत?"

"अहो, सगळ्यांनाच घराबाहेर काढलं असतं. एवढ्या भाड्यात दुसरं कुठे मिळतं?"

"असं सांगितलंत तिला?"

"नाही."

"मग काय सांगितलंत? घरी येऊन रडत बसली. मला काही बोलली नाही."

"जाऊ द्या ना, दादा."

"सांगा."

"म्हटलं, भेग दिसत असेल तर चष्मा बदल."





"कपाट डाव्या हाताला आहे. दार जरा अडतं, जोरात ओढा."