सीटखालचा लाल दिवा

आमच्या घरात ‘काऊन?’, म्हणजे ‘का?’, म्हणून न विचारायचा नियम होता: दिवेलागणीनंतर मुलीनं सायकल काढायची नाही. आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले त्या साली मी शेजारच्या तलमडुगु गावी नोकरीच्या परीक्षेचा संध्याकाळचा क्लास लावला. काका म्हणाले, “मागून ट्रक आला तं? मागं दिवा लाव, मंग जा.”

मडगार्डवर दिवा हलायचा. शेवटी मी तो जुन्या ट्यूबच्या पट्टीनं सीटच्या दांड्याला आवळला. पेटवला, तर अंगणातल्या कापसाच्या ढिगावर पहाटेसारखी लाली पसरली. मी बघतच राहिले.

तेवढ्यात काका कॅरिअरवर बसले. “एकटी कशी जाशील?”

“काका, तुमच्या धोतरानं दिवा झाकला. ट्रकवाल्याले काय दिसन?”

बाबा म्हणाले, “मंग आज राहू दे.”

“नाही राहू देत. काका, उतरा. मी दिवा घेऊन जाते.”

काका उतरले. मी सायकल काढली.