पत्र्यावरचा दगड

जमलेल्या सगळ्या मंडळींना नमस्कार. भाऊजी, इंदूमावशी, गल्लीतल्या सगळ्या बाया, डाळमिलमधून सुट्टी टाकून आलेले भाऊजींचे सोबती, तुम्ही या उन्हातान्हाचे आलात. माईक हातात दिलाय खरा, पण मला बोलता येत नाही. आमच्या घरात बोलायचं काम अक्काकडे होतं. तिकडे धुळ्याकडे, आमच्या खेड्यात, कोणाच्या दारावर जायचं असलं तरी ती पुढे व्हायची. मी चपला काढून मागे बसायचो. आज ती फोटोत बसली आहे आणि उभं मला केलंय.

मी रवींद्र. सिंधूअक्काचा धाकटा भाऊ. नावाने ओळखत नसाल, पण तोंडाने ओळखत असाल. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला अक्काच्या या समोरच्या घराच्या पत्र्यावर चढलेलं पाहिलंय. खालून हसलाही आहात. हसण्याचं मला काही वाटत नाही. मीही हसलो होतो.

काही वर्षांपूर्वी वादळात या गल्लीत एका पत्र्यावरचा दगड खाली आला आणि पाण्याच्या टाकीवर पडला. प्लास्टिकची टाकी, फुटली. सगळे म्हणाले, चला, टाकीवर निभावलं. अक्का मात्र त्या टाकीकडे बघत उभी राहिली. मला फोनवर म्हणाली, टाकी भरायला सकाळी तिथं बाई उभी होती रे. बस, तिथून तिने ते डोक्यात घेतलं.

मला बोलावून घेतलं. मी आलो, पिशवी ठेवली, चहा मागितला. तर म्हणते, "रवा, पह्यले बठ्ठा धोंडा खाले उतार. मंग च्या." म्हणजे आधी सगळे दगड खाली, मग चहा.

मी म्हणालो, "अक्का, गल्लीमा बठ्ठासना घरवर धोंडा शेतस. तूच एकली शहानी का?"

तर म्हणाली, "वारा उना म्हणजे त्या धोंडा वर ऱ्हातीन का रे?"

चहा राहिला. चढलो. एकेक दगड उतरवला. फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून पत्रा अँगलला हूक-नटाने आवळून घेतला. ती खाली उभी राहून सांगत होती, तिकडचा नट राहिला, या कोपऱ्यात अजून एक घाला. फॅब्रिकेशनवाला मला हळूच म्हणाला, इतके नट विमानाला लागतात, तुमच्या बहिणीला घर विमानतळावर न्यायचंय का?

मंडळी, त्यानंतर ती तुमच्या प्रत्येकाच्या दारात आली. आली होती की नाही? बचत गटात आली, हळदीकुंकवात आली, गणपतीच्या वर्गणीच्या बैठकीत आली. दगड उतरवा, हूक मारा. सगळ्यांनी मिळून काम काढलं तर स्वस्तात होईल. वारा सुटला की बाकी सगळं सोडा, माझ्या घरात या. दाराशी खिळ्याला तिची ती पिशवी असायची. बॅटरी, कागदपत्रं दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली, भाऊजींच्या बीपीच्या गोळ्या, थोडे गूळ-शेंगदाणे. तुम्ही विचारायचे, काय अक्का, गावाला निघाल्या का? ती म्हणायची, पत्रा उडाला तर गावालाच जावं लागेल, तेव्हा तुम्हालाही नेते.

आणि तुम्ही तिला काय उत्तर द्यायचे? मला ती फोनवर सांगायची. रागाने नाही, दमून सांगायची. ते उत्तर प्रत्येक घरात एकच होतं. "अक्का, पुढच्या वर्षी स्लॅब टाकायचाच आहे."

पुढच्या वर्षी स्लॅब टाकायचाच आहे, मग पत्र्यावर कशाला खर्च करायचा? पुढच्या वर्षी स्लॅब टाकायचाच आहे, मग हूक कशाला? तोवर दगड आहेतच. मी तुमच्यावर ओरडत नाही. मी तरी काय वेगळा? माझ्या गावच्या घरालाही मी हेच म्हणत आलो. आपण इथं नशिराबादच्या अलीकडे हायवेला लागून प्लॉट घेतो, चार भिंती उभ्या करतो, वर पत्रा टाकतो आणि म्हणतो, हे तात्पुरतं. पोरं मोठी होतात, त्यांची लग्नं होतात, पत्रा तात्पुरताच राहतो. आणि त्या तात्पुरत्या पत्र्यावर आपण आयुष्यभराचे दगड ठेवतो.

अक्का गेली त्या दिवशी काय झालं ते इथल्या बायांनी मला सांगितलं. तुम्ही तिथं होता. मी नव्हतो. तरी मला बोलू द्या.

सकाळी बिबड्यांच्या पापडांसाठी घाटा शिजवला होता. ज्वारीचा. सगळ्यांनी मिळून. पोरांनी वाट्या भरभरून घाटा खाल्ला. खाटांवर जुन्या साड्या अंथरून गल्लीभर बिबड्या थापून वाळत घातल्या. तिसऱ्या प्रहरी पश्चिमेला आभाळ लाल-काळं झालं. धूळ आली. अक्काने दार उघडून हाका मारल्या. बिबड्या राहू द्या, आत या. तुम्ही आलात. पोरांना घेऊन आलात. या एका घरात सगळी गल्ली मावली, आणि या घराचा पत्रा हलला नाही. मला तुम्ही सांगितलंत, आत नुसता आवाज येत होता, पण वरचा एक नट कुरकुरला नाही. मी ते ऐकलं आणि मला काय वाटलं सांगू? मला क्षणभर बरं वाटलं. बहीण गेली आहे आणि मला बरं वाटतंय की पत्रा टिकला! माणूस किती मूर्ख असतो.

इंदूमावशी बाहेर राहिल्या होत्या. खाटेवरच्या बिबड्या पदरात गोळा करत होत्या. अक्का त्यांना आणायला गेली.

मावशी, रडू नका. इकडे बघा माझ्याकडे. तुमचा काही दोष नाही. वर्षाचं वाळवण कोण असं वाऱ्यावर सोडतं? माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं. तुम्ही आत पोहोचलात. तिने तुम्हाला दारात ढकललं. ती उंबऱ्याच्या बाहेरच होती. कोणाचा तरी पत्रा उचलला गेला आणि त्याच्यावरचा दगड आला. बस. एवढंच. दवाखान्यात न्यायला रिक्षा आली तेव्हा काही उरलंच नव्हतं.

नंतर पंचनामा झाला. साहेब आले होते, भले माणूस होते, पाणी पिऊन गेले. कागदावर लिहिलं, नैसर्गिक आपत्ती. मी वाचलं. भाऊजींनी सही केली. मंडळी, वारा नैसर्गिक. वीज नैसर्गिक. गारा नैसर्गिक. पण दगड? तो दगड वाऱ्याने वर नेला नव्हता. शिडी लावून माणसाने वर नेला होता. कोणीतरी खालून दिला, कोणीतरी वरून घेतला, आणि दोघं म्हणाले, आता काही होत नाही.

कोणाचा होता तो? मी विचारत नाही. विचारून काय करू? तो दगड अजून तिथं गटारीच्या कडेला पडला आहे. येताजाता सगळे त्याला वळसा घालतात. झाडणारी बाईसुद्धा त्याच्या भोवतीने झाडते. कोणी उचलत नाही. उचलला तर लोक म्हणतील, याचाच असेल. म्हणून तो तिथंच राहणार. उद्या गंधमुक्ती होईल, सुतक फिटेल, पाहुणे जातील, मीही जाईन, आणि तो तिथंच राहील.

मला वाटलं होतं, निदान आता तरी. वेडी आशा असते माणसाला. अक्काची राख सावडून आम्ही परत आलो, तर गल्लीत ठोकाठोकीचा आवाज. मला वाटलं, हूक मारताहेत. मी भाऊजींना म्हणालोही, ऐका भाऊजी, अक्काचं ऐकलं लोकांनी. वर पाहिलं तर उडालेले पत्रे सरळ करून ठोकत होते. आणि त्यावर पुन्हा दगड ठेवत होते. शेजारच्या दादांना विचारलं, दादा, हे काय? ते बिचारे ओशाळले. म्हणाले, रवीभाऊ, सध्यापुरतं आहे. पुढच्या वर्षी स्लॅब टाकायचाच आहे.

हे भाषण ऐकून कोणी दगड उतरवेल असं मला वाटत नाही. खरं सांगतो, मला काहीच वाटत नाही. अक्काने वर्षानुवर्षं सांगून जे झालं नाही, ते अक्का मेल्यावरही झालं नाही. मग मी दहा मिनिटं रडून काय होणार? तिने आपलं घर पक्कं केलं होतं. तयारीत एक गोष्ट कमी नव्हती. पण गल्लीत आपलं एकट्याचं घर पक्कं करून माणूस वाचत नाही, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तर ती दारोदार फिरत होती. आता कोण फिरणार?

एक शेवटचं सांगतो आणि बसतो. आपण श्रद्धांजलीला उभे राहू. रीत म्हणून डोळे मिटून उभे राहतात. आज मिटू नका. आज वर बघा. अक्काच्या फोटोच्या वर, तिच्या घराच्या पत्र्यावर. या घरावर इतकी वर्षं एक दगड नव्हता. आज आहे. दिसला? मंडपवाल्याने सकाळी ठेवला. ताडपत्रीची दोरी त्याला बांधली आहे, आपल्याला ऊन लागू नये म्हणून. तो ठेवत होता तेव्हा आपण सगळे इथंच खुर्च्या मांडत होतो. सगळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. कोणी बोललं नाही. बोलणारी एकटीच होती.

अक्का, तू बठ्ठं सांगेल व्हतं.

उठा मंडळी. वर बघत उभे राहा.