कंपनीचेच स्पीकर परत लावा

—नाही हो मिस्त्री, तुमच्या कामात खोट नाही, तेच तर सांगतोय मघापासून. वायर सैल नाही, गाडीचं दार थरथरत नाही, काही नाही. गेल्या शनिवारी बसवलेत, झकास बसवलेत. आता फक्त ते काढा आणि माझे कंपनीचे परत लावा. आहेत ना? भंगारात नाही ना टाकले? — हां, तेच. माहीत आहे मला डाव्याचा पडदा फाटलाय. फाटका तर फाटका. मला चालतो.

हसू नका. तुम्ही उघडा पॅनल, मी आपला बोलत बसतो. घरी कोण आहे बोलायला? ही जाऊन तीन वर्षं झाली — भिंतींना कान असतात म्हणतात, पण तोंड कुठे असतं? जाऊ द्या ते. मी टेलिफोनमध्ये होतो, सांगितलं का तुम्हाला? बत्तीस वर्षं. खांबावर चढायचं, लाइनीतली खरखर शोधायची, काढायची. लोक दारात येऊन सांगायचे, आता कसं समोर बसून बोलल्यासारखं वाटतं! आणि तोच माणूस आज तुम्हाला म्हणतोय, माझी खरखर मला परत द्या.

मुलगा लांब असतो माझा. दर रविवारी अकराला फोन करतो — चुकत नाही हां, हे मी कुणालाही छातीठोक सांगेन. तो फोन मी गाडीत घेतो. फिरत नाही कुठे, गाडी दारातच उभी, नुसती चावी फिरवायची. हातातल्या फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि इथे कसा, त्याचा आवाज डाव्या दारातून येतो — म्हणजे ही बसायची ना, त्या बाजूने. बरं वाटतं. पण पाच-सात मिनिटं झाली की तो म्हणायचा, बाबा, आवाज कटतोय, ठेवतो. मलाही इकडे खरखरच ऐकू यायची; मी म्हणायचो, अरे माझा स्पीकरच फुटका, त्याला लाइन तरी काय करणार! म्हणून तर आलो तुमच्याकडे. म्हटलं, चांगले बाहेरचे घालू, पोराशी अर्धा तास बोलू. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, दुसरं काय.

गेल्या रविवारी आला फोन. काय आवाज, मिस्त्री! त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी बोलत असताना तो टाइप करत असतो. मी गुडघ्याचं सांगतोय — टिक टिक टिक — हो बाबा. मी म्हटलं, काल तुझ्या आईचा वाढदिवस होता रे — टिक टिक — अरे वा, छान. मग मागून सूनबाई — हळूच बोलली बिचारी, तिचा काही दोष नाही — ‘अजून किती?’ आणि हा म्हणाला, ‘दोन मिनिटं.’ बरोबर दोन मिनिटांनी मला म्हणतो, बाबा, आवाज कटतोय. कटत नव्हता हो! बत्तीस वर्षं केलंय मी. लाइन लख्ख होती.

पोरगा वाईट नाही. कामं असतात, संसार आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उगाच उघडून बसलो मी. म्हणून म्हणतो, आजचा फोन यायच्या आत निदान डावा तरी — वाजले किती? अकरा?

थांबा. आलाच. नाही नाही, आता काढू नका, वायरीला हात लावू नका — हां, बोल बाळा. बरा आहे. गुडघा? अगदी बरा. तू जेवतोस ना वेळेवर? — हं. — हं. — काय म्हणालास? अरे थांब, तुझा आवाज कटतोय. हो, माझ्याकडूनच. लाइनच खराब आहे इथे. ठेव तू. कर तुझं काम. ठेव, ठेव.

काय बघताय, मिस्त्री? तुम्हीही ऐकलंत ना, किती स्वच्छ आवाज होता. राहू द्या आता नवेच. पॅनल लावून टाका.