साडूंनी कशाला हो म्हटलं

...आणि वर म्हणतात कसे, तर वाचायला हवं हो, नाहीतर माणूस मागे पडतो! अहो, पण कुणाच्या मागे? पुढे कोण पळतंय? तुम्हाला सांगतो, आमचे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, औषधांच्या गोदामात डिस्पॅच बघतात. सरळमार्गी माणूस, खोकी तपासावीत, गाडी भरून द्यावी, घरी येऊन पायावर पाय टाकून बसावं, छान चाललं होतं. तेवढ्यात तिथे आले नवे साहेब. दर सोमवारी सगळ्यांना गोल बसवायचे आणि डॉक्टर 'जीभ दाखवा' म्हणतात ना, त्या आवाजात विचारायचे, "या आठवड्यात काय वाचलंत?" पहिल्या सोमवारी साडू म्हणाले, "बाटल्यांवरची लेबलं." कुणीही हसलं नाही.

झालं! धसकाच घेतला माणसाने. नेतृत्वावर वाच, विज्ञानावर वाच, माध्यमांवर वाच, मानसशास्त्रावर वाच... रोज सकाळी फोनवर 'आज आवर्जून वाचावं असं काही' यायचं आणि साडू ते 'नंतर वाचू' म्हणून ठेवून द्यायचे. माळ्यावरची अडगळ निदान डोक्यात पडते तरी, ही नुसती साठतच गेली. मग त्यांना शोध लागला, की फोन लेख वाचूनही दाखवतो. एका बाईचा आवाज. शांत, गोड, कधी न दमणारा. कानात ते इवलंसं बटण घातलं, की दात घासताना नेतृत्व, दाढी करताना मेंदू, भाजी निवडताना खोट्या बातम्या कशा ओळखाव्यात. मी म्हटलं, कान दुखत नाही का हो? तर म्हणाले, वाचायला हवं हो, नाहीतर माणूस मागे पडतो.

तर एका संध्याकाळी काय झालं, मेहुणी, ती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते, ती कामावरून आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी यांच्यासमोर बसली. बोलायला लागली. यांच्या खिडकीकडच्या कानात लेख चालू होता, 'जवळच्या माणसाचं ऐकावं कसं'. आता बघा हं, ऐकावं कसं हे ऐकत होते, म्हणून बायकोचं ऐकू येत नव्हतं! कानातली बाई म्हणाली, समोरच्याच्या डोळ्यांत बघा. यांनी बघितलं. मान हलवा. हलवली. उपाय सुचवू नका, फक्त विचारा, 'मग तुला काय वाटलं?' यांनी सराव म्हणून पुटपुटलं, "मग तुला काय वाटलं?" मेहुणी थबकली. आणि मग जी भडाभडा बोलायला लागली... कानातली बाई म्हणाली, आता म्हणा, 'तुला जे हवंय त्याच्या आड मी येणार नाही.' म्हटलं. मेहुणीचे डोळे भरून आले. तेवढ्यात लेख संपला, म्हणून यांना तिचं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं, "मग मी हो कळवू?"

साडू म्हणाले, "हो."

नंतर मला सांगत होते, चहाचा कप तसाच हातात धरून, चहावर साय आलेली, म्हणाले, "मी तिथे नव्हतोच हो. त्या दोघीच बोलत होत्या. माझं नुसतं तोंड होतं."

आणि मग घर बदलायला लागलं. रोज संध्याकाळी आलं की कपाटातले मेहुणीचे कपडे थोडे कमी. मागच्या खोलीतला पसारा नाहीसा, नुसती भिंत, आणि ताज्या रंगाचा वास. मेहुणी गुणगुणत असायची. शेजारच्या काकूंनी जिन्यात यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "तुमच्याएवढं मोठं मन कुणाचं नसतं." कशाबद्दल? काही नाही, डोळे पुसत निघून गेल्या. मग सुतार आला. मागच्या खोलीत माप घेतलं आणि विचारलं, "खाटेला कठडा लावायचा ना साहेब? पडायला नको." आता कोण पडणार आहे? साडू म्हणाले, हो, लावा.

मी म्हटलं, अहो, विचारा की सरळ! तर म्हणाले, "काय विचारू? तू रडत रडत बोलत होतीस तेव्हा मी दुसऱ्याच बाईचं ऐकत होतो, हे सांगू?" आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, "ती रक्त तपासते. तिला काही झालं असेल तर तिलाच आधी कळणार ना?" घरी येऊन मी बायकोला विचारलं, तुझ्या बहिणीकडे काय चाललंय गं? तिने इस्त्री थांबवून माझ्याकडे पाहिलं. "मागेच सांगितलं की तुम्हाला. 'चांगलं झालं' म्हणालात." म्हणजे आजार नसावा, असं धरून चालायचं. पण माझं काय, मी कशालाही चांगलं झालं म्हणतो!

शेवटी एका रविवारी सकाळी मेहुणी दारात उभी, दोन बॅगा घेऊन. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संशोधन संस्थेत कामाला निघाली होती, दोन वर्षांसाठी. साडू साठवून ठेवायचे ना ते विज्ञानाचे लेख, ते मेहुणी यांच्या फोनवर एकेक करून वाचत होती. त्यातूनच तिला त्या संस्थेचा पत्ता लागला. साडूंना राहवलं नाही. म्हणाले, "मी त्या दिवशी काहीच ऐकलं नव्हतं गं."

मेहुणीने त्यांची कॉलर सारखी केली. "ठाऊक आहे. कानातलं बटण दिसत होतं मला. तू ऐकत असतास, तर माझं बोलायचं धाडसच झालं नसतं."

साडूंनी म्हणे बॅगा उचलल्या आणि खाली गाडीत नेऊन ठेवल्या. दुसरं काय करणार? आणि त्याच गाडीतून, अहो त्याच गाडीतून, उतरल्या आमच्या सासूबाई! निवृत्त मुख्याध्यापिका. नजर अधू झालेली, वाचनाचं वेड मात्र तसंच. "तूच म्हणालास ना, आईला एकटं कशाला ठेवायचं," मेहुणी म्हणाली. ते वाक्य यांचं की कानातल्या बाईचं, कुणास ठाऊक.

आता साडू रोज संध्याकाळी कठड्याच्या खाटेशेजारी बसून मोठ्याने वाचतात. नेतृत्व, विज्ञान, सगळं. कानात काही नाही. सासूबाई मधेच थांबवतात, आपलं काहीतरी सांगतात आणि विचारतात, "मी आत्ता काय म्हणाले?" आणि यांना ते सांगावं लागतं, शब्दन् शब्द. वाचायला हवं हो, नाहीतर माणूस मागे पडतो... आता म्हणतात ते सासूबाईंकडे बघत, हळूच.

मी हे सगळं पाहून घरी आलो, पेपर उघडला, जरा कुठे डोकं त्यात गेलं, तर बायको शेजारी येऊन बसली. बराच वेळ बसली असावी. मग म्हणाली, "मग ठरलं ना आपलं?"

मी म्हटलं, "हो."